सणाची भेट आणि कारागिराचा दाम : स्वदेशी चळवळीपासून वारली चित्रांपर्यंत
(पालघर जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

नाताळच्या भेटवस्तू मोठ्या दुकानांतून न घेता छोट्या, स्वतंत्र व्यावसायिकांकडून व कारागिरांकडून घ्याव्यात, असे आवाहन पाश्चात्त्य देशांत आता दरवर्षी केले जाते. अमेरिकेत नोव्हेंबर २०१० पासून 'थँक्सगिव्हिंग'नंतरचा शनिवार छोट्या व्यवसायांसाठी राखून ठेवण्याची प्रथा सुरू झाली. या प्रथेची सुरुवात एका बड्या क्रेडिट कार्ड कंपनीने केली, ही बाब पुरेशी बोलकी आहे. महाराष्ट्राच्या इतिहासाकडे पाहता मात्र सणाच्या खरेदीला सार्वजनिक कर्तव्याचे रूप देण्याचा प्रयत्न येथे त्याच्या कितीतरी आधी झालेला आढळतो. त्या प्रयत्नांतून ग्राहकाचा निश्चय किती टिकला, याची चर्चा अभ्यासकांनी पुष्कळ केली आहे. परंतु ग्राहकाने सद्भावनेने दिलेला पैसा प्रत्यक्ष वस्तू घडविणाऱ्या हातापर्यंत पोहोचला का, हा प्रश्न तुलनेने मागे राहिला. प्रस्तुत निबंधात या दुसऱ्या प्रश्नाचा विचार केला आहे.

या विचारासाठी पालघर जिल्हा हे सोयीचे क्षेत्र आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला आणि २०२१ मध्ये त्याचे मुख्यालय पालघर-बोईसर मार्गावरील कोळगाव येथील नव्या संकुलात गेले. कोळगावच्या दक्षिणेस वसईचा ख्रिस्ती समाज नाताळ साजरा करतो, उत्तरेस बोईसर-तारापूरचा कारखानदारीचा पट्टा आहे, तर पूर्वेकडील व उत्तरेकडील डोंगराळ भागात, म्हणजे जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू व तलासरी या तालुक्यांत, वारली, कोकणा, कातकरी इत्यादी आदिवासी समाज राहतात. भेट घेणारा आणि भेटवस्तू घडविणारा, असे दोघेही एकाच जिल्ह्यात नांदतात. त्यांचा थेट व्यवहार मात्र क्वचितच होतो.

'डाली'चा नाताळ

ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानी माणसाच्या वाट्याला आलेली नाताळची पहिली भेट ही घेण्याची नव्हती, देण्याची होती. नाताळच्या सकाळी ठेकेदार, जमीनदार, पुरवठादार व हाताखालचे कर्मचारी गोऱ्या अधिकाऱ्याच्या बंगल्यावर फळे, फुले, मिठाई यांची परडी घेऊन जात. या परडीस 'डाली' म्हणत. परडीत फळांखाली पुढे काय काय येऊ लागले, याचा अंदाज सरकारी नोकरांच्या वर्तणूक-नियमांवरून येतो. फळे-फुले अशा किरकोळ वस्तूंपलीकडे भेट स्वीकारू नये, असे त्या नियमांत बजावावे लागले होते. साहेबाच्या घरची खरेदी मात्र वेगळ्या वाटेने होई. लंडनच्या 'आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स'ने १८९१ मध्ये मुंबईत शाखा उघडली, ती प्रामुख्याने अशाच गिऱ्हाइकांसाठी.

वसईतील नाताळ या दोहोंपेक्षा निराळा होता. १५३४ ते १७३९ या पोर्तुगीज राजवटीत तेथे रुजलेला ख्रिस्ती धर्म चिमाजी आप्पांच्या विजयानंतरही टिकला. धर्म पालटला तरी भाषा, शेती व शेजार बदलला नाही. सामवेदी, वाडवळ व कोळी ख्रिस्ती कुटुंबांत नाताळची भेट म्हणजे घरी केलेल्या फराळाचे ताट. कुलकुल, करंज्या, खोबऱ्याच्या वड्या शेजारी जात आणि दिवाळीत शेजारचा फराळ परत येई. या देवघेवीत बाजार जवळजवळ नव्हताच. बाजार होता तो बागायतीत. १८६७ मध्ये विरारहून मुंबईकडे नियमित गाडी सुरू झाली आणि वसईची केळी, भाजीपाला, फुले मुंबईच्या मंडईत वेगाने पोहोचू लागली. मंडईतील भाव मात्र दलालाच्या हाती असे व हंगामाआधी उचललेल्या कर्जाने बागायतदाराचे हात आधीच बांधलेले असत. १९१८ मध्ये वसईत कॅथॉलिक समाजाची सहकारी पतसंस्था स्थापन झाली आणि तिचीच पुढे बँक झाली. अशा संस्थेचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. उत्पादकाला प्रथम पत लागते. ग्राहकाची कृपा त्यानंतर उपयोगी पडते.

सणाच्या खरेदीचे स्वदेशीकरण

देशी वस्तूच वापराव्यात हा विचार लोकहितवादींनी 'प्रभाकर' साप्ताहिकातील पत्रांतून (१८४८ ते १८५०) मांडला होता. त्याला आचरणाचे रूप दिले ते गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांनी. १८७२ मध्ये त्यांनी हातसुताचे कापड वापरण्याचे व्रत घेतले आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून ते त्याच पोशाखात उपस्थित राहिले. देशी मालाची दुकाने काढणे, देशी कारागिरांना उत्तेजन देणे असे उद्योगही त्यांनी केले. पोशाखाची आठवण सर्वांना आहे. दुकानांची आठवण फारशी राहिली नाही, हे आपल्या इतिहासलेखनाच्या आवडीनिवडीस धरूनच झाले.

१८९६ मध्ये देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसविण्यात आला, तेव्हा विलायती कापडाविरुद्धचा रोष महाराष्ट्रात प्रथमच रस्त्यावर आला. पुढे वंगभंगाच्या पार्श्वभूमीवर ७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्यात बहिष्काराचा ठराव झाला आणि ऑक्टोबरात, दसऱ्याच्या सुमारास, पुण्यात विनायक दामोदर सावरकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकमान्य टिळकांच्या उपस्थितीत विलायती कपड्यांची होळी केली. होळीचा काळ येथे लक्षात घेण्याजोगा आहे. कापडाची मोठी खरेदी सामान्य कुटुंबात वर्षातून एकदोनदाच होते, ती दसरा-दिवाळीस किंवा लग्नसराईत. बहिष्काराचा घाव जिव्हारी लागायचा असेल तर तो याच दिवसांत घालणे आवश्यक होते. बांगड्या, साखर, काडेपेटी, धोतर या घरगुती वस्तू एकाएकी राजकीय झाल्या आणि घरातील खरेदीवर ज्यांचा अधिकार होता त्या स्त्रियाही चळवळीच्या कक्षेत आल्या.

यातून लाभ कोणाचा झाला? मुंबई व अहमदाबादच्या गिरण्यांच्या मालाला मागणी आली आणि त्याबरोबर किंमतीही चढल्या. धोतरांचा भाव वाजवी ठेवावा म्हणून खुद्द टिळकांना गिरणीमालकांकडे शब्द टाकावा लागला. हातमागावरील विणकराची स्थिती अधिक गुंतागुंतीची होती. तलम सुतासाठी तो पुष्कळदा विलायती सुतावरच अवलंबून असे, त्यामुळे 'शुद्ध स्वदेशी'च्या कसोटीस त्याचे लुगडे उतरेलच असे नव्हते. उलट विलायती यंत्रावर विणलेले गिरणीचे धोतर त्या कसोटीस सहज उतरे. ग्राहक त्याग करीत होता, हे खरे. त्या त्यागाचे पैसे मात्र बव्हंशी भागधारकांच्या पदरी पडत होते.

याच काळात ग्राहक व उत्पादक यांच्यामध्ये संस्था उभी करण्याचे दोन उल्लेखनीय प्रयत्न झाले. पहिला 'बॉम्बे स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्स'चा. १९०६ च्या सुमारास मुंबईत उभे राहिलेले हे भांडार देशी माल एका छताखाली मिळवून देण्यासाठी होते. त्याला टिळकांसारख्या पुढाऱ्यांबरोबर उद्योगपतींचाही पाठिंबा होता. पुढे तेच 'द बॉम्बे स्टोअर' या नावाने हस्तकलेच्या भेटवस्तूंचे दुकान म्हणून प्रसिद्धीस आले. एके काळी धोतर व साबण ही तेथील राष्ट्रकार्याची सामग्री होती. शतकाअखेर त्यांची जागा पितळी मूर्ती व नक्षीदार पेट्यांनी घेतली. दुसरा प्रयत्न पैसा फंडाचा. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून माणशी एक पैसा गोळा करून उभारलेल्या या निधीतून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. कारखान्यात काच तर झालीच, शिवाय काच करणारे हातही शिकून तयार झाले. दुकानापेक्षा ही गुंतवणूक अधिक खोल होती, असे म्हणता येईल. कारण येथे वर्गणीदार वस्तूऐवजी कौशल्यासाठी पैसे देत होता.

स्वदेशी चळवळीचा हा वारसा केवळ हिंदू मध्यमवर्गाचा होता असे सरसकट म्हटले जाते, त्यास एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. टिळकांचे निकटचे सहकारी व १९१६ च्या होमरूल लीगचे अध्यक्ष जोसेफ ऊर्फ काका बॅप्टिस्टा हे ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजातील होते. उत्तर कोकणातील या समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले होते. त्यात राजनिष्ठेचा भाग उघड होता. त्याच समाजातून तीस वर्षांच्या आत टिळकपक्षाचा एक आधारस्तंभ पुढे आला.

मजुरीचा प्रश्न

ग्राहकाने स्वस्त माल मागावा आणि कारागिराने पोटभर मजुरी मागावी, या दोन मागण्यांतील विसंवाद उघडपणे मान्य करणारा पहिला मोठा प्रयोग खादीचा होय. १९२५ मध्ये अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला. पहिल्या दशकात खादी स्वस्त करणे हेच संघाचे धोरण राहिले आणि त्याची किंमत सूत कातणाऱ्या खेड्यांतील स्त्रियांनी अत्यल्प मजुरीच्या रूपाने मोजली. १९३५ मध्ये गांधीजींनी हे धोरण फिरविले. आठ तासांच्या कताईला आठ आणे मिळावेत अशी त्यांची इच्छा होती. प्रत्यक्षात संघाने त्याहून कमी, पण ठरावीक किमान मजुरी मान्य केली. खादी महागेल, गिऱ्हाईक तुटेल, हा कार्यकर्त्यांचा आक्षेप निराधार नव्हता. तरीही किंमत ठरविताना मजुरीपासून प्रारंभ करावा व मग ग्राहकाकडे जावे, हा क्रम त्या निर्णयाने प्रस्थापित झाला. त्याआधी, डिसेंबर १९३४ मध्ये, जे. सी. कुमारप्पा यांच्या धुरीणत्वाखालील अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ वर्ध्यास स्थापन झाला होता. १९३५ चा निर्णयही त्याच वातावरणातला आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळ आणि १९५७ मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोग स्थापन झाले. सरकार हेच आता सर्वांत मोठे मध्यस्थ झाले. पालघरच्या डोंगराळ भागात या धोरणाचा परिणाम अनपेक्षित रूपाने दिसला.

लग्नचौकापासून कागदापर्यंत

वारली चित्र मुळात विकण्याची वस्तू नव्हती. लग्नप्रसंगी गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूची काडी चावून केलेल्या कुंचल्याने, सुवासिनी चौक लिहीत. चौकात पालघाट देवीची स्थापना होई आणि धवलेरी गीते म्हणे. लग्न आटोपले की चित्राचे प्रयोजन संपे. पावसाळ्यात भिंत पुसली गेली तरी कोणी हळहळत नसे.

या लग्नाची दुसरी बाजू मात्र इतिहासात कर्जाच्या रूपाने नोंदली गेली आहे. लग्नासाठी जमीनदाराकडून घेतलेले कर्ज फेडण्यासाठी नवरा, आणि अनेकदा त्याची बायकोही, वर्षानुवर्षे जमीनदाराकडे राबत. अशा वेठबिगारास 'लग्नगडी' म्हणत. मुंबई सरकारसाठी सायमिंग्टन यांनी १९३० च्या दशकाअखेर तयार केलेल्या अहवालात या पद्धतीचे वर्णन आहे. मे १९४५ मध्ये झरी येथील परिषदेत वारल्यांनी वेठ नाकारण्याचा निश्चय केला. पुढे गवतकापणीच्या दरासाठी संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगडसह पाच जण मृत्युमुखी पडले. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथामुळे हा लढा मराठी वाचकास परिचित आहे. वारली चित्रांवरील लेखनात मात्र त्याचा उल्लेख अभावानेच येतो. वस्तुतः गवत असो वा चित्र, आपल्या श्रमाचा दर कोणी ठरवावा हाच प्रश्न दोन्हीकडे आहे.

१९७० च्या दशकाच्या प्रारंभी हस्तकला मंडळाच्या वतीने भास्कर कुलकर्णी या भागात आले. बिहारमधील दुष्काळात मधुबनीच्या स्त्रियांना भिंतीवरील चित्रे कागदावर काढण्यास प्रवृत्त करणारे ते हेच. पुपुल जयकर यांच्या प्रेरणेने चाललेल्या या कार्यामागील विचार साधा होता : चित्र भिंतीवरून उतरले तर ते विकता येईल आणि विकता आले तर दुष्काळात पोटाला आधार मिळेल. डहाणू तालुक्यातील गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा मशे यांनी कागद व कापड हाती घेतले. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्यांची चित्रे लागली. पुढे ती परदेशात गेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. नेमक्या त्याच वर्षांत, १९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूर अणुवीज केंद्राच्या व औद्योगिक वसाहतीच्या निमित्ताने, जिल्ह्याचा पश्चिम भाग आधुनिक भारताच्या नकाशावर ठळक होत होता. एकाच रेल्वेमार्गावरून कारखान्याचा माल आणि आदिवासींची चित्रे मुंबईस जाऊ लागली.

या स्थित्यंतराची एक किंमत होती व ती स्त्रियांनी मोजली. यशोधरा डालमिया यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात वारली चित्रविश्वाचा सविस्तर वेध घेतला आहे. लग्नचौक लिहिण्याचा अधिकार सुवासिनींचा होता. चित्र बाजारात आले तेव्हा शहरात जाणारे, व्यवहार करणारे, नाव घातलेले चित्रकार बहुतांशी पुरुष होते. स्त्रिया चित्रे काढीतच राहिल्या, परंतु कितीतरी ठिकाणी घरातील पुरुषाच्या नावामागे. आर्थिक मोलाबरोबर कर्तृत्वाचे हस्तांतर झाले, हे 'आदिवासी कलेचा पुनरुद्धार' या रूढ मांडणीत बसत नाही.

भेटवस्तूंच्या बाजारात वारली

१९८० नंतर वारली आकृती शुभेच्छापत्रे, दैनंदिनी, कपबशा, पिशव्या, पडदे यांवर दिसू लागली. दिवाळी व नाताळ हे या वस्तूंच्या विक्रीचे मुख्य दिवस. आकृती सोपी, एकरंगी व छापण्यास स्वस्त असल्यामुळे तिची नक्कलही तितकीच सुलभ ठरली. १ एप्रिल २००१ रोजी केंद्र सरकारने उरलेल्या ७१५ वस्तूंवरील आयातीची संख्यात्मक बंधने उठविली आणि सजावटीच्या स्वस्त परदेशी वस्तूंचा ओघ वाढला. वसईच्या बाजारात बांबूच्या कामट्या व पतंगी कागद यांच्या चांदणीशेजारी प्लास्टिकची चांदणी लटकू लागली, त्यास ही पार्श्वभूमी आहे.

२०१० च्या दिवाळीत एका बहुराष्ट्रीय शीतपेय कंपनीने आपल्या जाहिरातीत वारली चित्रशैली वापरली, तेव्हा डहाणू परिसरातील आदिवासी तरुणांच्या संघटनेने हरकत घेतली. चित्र कोणाचे, हा प्रश्न येथे प्रथमच कायद्याच्या भाषेत विचारला गेला. २०१४ मध्ये वारली चित्रकलेस भौगोलिक निर्देशांक मिळाला, तो याच तरुणांच्या प्रयत्नांतून. डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ मध्ये व बहाडोलीच्या जांभळास २०२३ मध्ये अशीच मान्यता मिळाली. परंतु फळ व चित्र यांत भेद आहे. घोलवडचा चिकू दुसरीकडे पिकविता येत नाही. वारली आकृती मात्र कोणत्याही छापखान्यात उमटते. निर्देशांक नावाचे संरक्षण करतो. नाव न लिहिता आकृती छापणाऱ्यास तो फारसा अडवू शकत नाही. त्यातच नोंदणीकृत वापरकर्ता होण्यासाठी अर्ज, कागदपत्रे व पाठपुरावा लागतो, आणि पाड्यावरील चित्रकारास, त्यातही स्त्रीस, तो अवघड जातो.

महिला बचत गटांची प्रदर्शने हा अलीकडचा मार्ग आहे. 'उमेद' अभियानाच्या वतीने मुंबईत भरणाऱ्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात राज्यभरातील गट येतात. तेथे विकणारी व घडविणारी पुष्कळदा एकच असते आणि भाव तीच सांगते. १९३५ च्या चरखा संघाने जे ठरावाने साधण्याचा प्रयत्न केला, ते येथे समोरासमोरच्या बोलण्यातून काही दिवसांपुरते साधते. उरलेले वर्ष मात्र तिला पुन्हा व्यापाऱ्याकडेच जावे लागते.

वारली चित्राची चौकट ही आज पालघर परिसरातील, किंबहुना साऱ्या महाराष्ट्रातील, शासकीय कार्यक्रमांची व महाविद्यालयीन चर्चासत्रांची प्रतिष्ठित भेट झाली आहे. शाल-श्रीफळाची जागा तिने बऱ्याच ठिकाणी घेतली. ही खरेदी सणाच्या दिवसांपुरती नसून बारमाही आहे आणि तिचा निर्णय घरातील व्यक्ती घेत नाही, खरेदी समिती घेते. समितीस तीन दरपत्रके लागतात, वस्तू व सेवा कराचा क्रमांक असलेले देयक सोयीचे वाटते आणि वीस नग एका मापाचे, एका रंगाचे व ठरल्या तारखेला हवे असतात. राज्यांतर्गत वस्तूविक्रीची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असलेल्या विक्रेत्यास २०१९ पासून या कराची नोंदणी बंधनकारक नाही. त्यामुळे नोंदणी नसलेल्या चित्रकाराचे साधे देयकही कायद्याच्या दृष्टीने पुरेसे असते. ही बाब लेखा विभागास समजावून सांगण्याचे काम चित्रकार करू शकत नाही. परिणामी दरपत्रक शहरातील भेटवस्तू-विक्रेत्याचे येते, सर्वांत कमी दराचे मंजूर होते, आणि सर्वांत कमी दर अर्थातच छापील चित्राचा असतो. कोळगावच्या मुख्यालयापासून गंजाडचे पाडे एसटीने काही तासांच्या आतच आहेत.